लाईट जाऊन आली की हार्ड डिस्क गायब: घरच्या सर्व्हरचं जुनाट दुखणं

लक्षणं बहुतेकांकडे सारखीच असतात. रात्री टीव्हीवर जेलीफिन (घरच्या सर्व्हरवरचे सिनेमे दाखवणारा प्रोग्राम) उघडावं तर सिनेमांची पोस्टरं जागच्या जागी दिसतात, पण एखादा लावला की नुसतं चक्र फिरत राहतं. फोनमधले फोटो सर्व्हरवर जायचे थांबलेले असतात, किंवा गेल्यासारखे दिसतात आणि नंतर शोधायला जावं तर सापडत नाहीत. सर्व्हर बंद करून चालू केला की सगळं जिथल्या तिथे. मग आठवड्याभरात परत तोच प्रकार, आणि वळवाच्या पावसाचे दिवस असतील तर एक दिवसाआड.

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा संगणक, पुढे त्याला नुसतं पाय म्हणतो) किंवा जुना लॅपटॉप, त्याला यूएसबीने लावलेली एक-दोन टीबीची पोर्टेबल डिस्क, त्यावर सिनेमे, गाणी आणि घरादाराचे फोटो. आपल्याकडे घरचा सर्व्हर म्हणजे बहुधा हेच असतं, आणि नीट बसवला तर तो वर्षानुवर्षं छान चालतो. पण डिस्क अशी अधूनमधून दिसेनाशी व्हायला लागली की लोक रीस्टार्ट मारत राहतात, नाहीतर डिस्क खराब झाली म्हणून नवीन आणतात. नवीन डिस्कही महिन्याभरात तेच करते, कारण दोष बहुतेक वेळा डिस्कमध्ये नसतोच. तो वीजपुरवठ्यात असतो, किंवा डिस्कच्या केसमधल्या छोट्या चिपमध्ये.

आणि डिस्क दिसेनाशी होणं ही यातली लहान गोष्ट आहे. मोठी गोष्ट अशी की डिस्क गेली आहे हे सर्व्हरवरच्या बाकी प्रोग्रामना कळत नाही. ते आपापलं काम चालू ठेवतात आणि डेटा त्यात जातो. म्हणून कारण शोधायच्या आधी एक काम उरकून घ्या.

आज रात्रीचा बॅकअप थांबवा

रोज पहाटे एखादी स्क्रिप्ट मुख्य डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर आरसिंकने नक्कल करत असेल, आणि त्या आज्ञेत «--डिलीट» असेल, तर ती ओळ आत्ता बंद करा. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी चालायच्या कामांच्या यादीत, त्या ओळीच्या सुरुवातीला # टाकलं की झालं.

कारण सांगतो. «--डिलीट» चा अर्थ असा की मूळ जागी जी फाइल नाही ती नकलेतूनही काढून टाकायची. मुख्य डिस्क जिथे जोडलेली असते ते फोल्डर डिस्क नसतानाही असतंच, फक्त रिकामं. आरसिंक त्या रिकाम्या फोल्डरकडे बघतो, मूळ जागी काहीच नाही असं ठरवतो आणि बॅकअपवरचं सगळं इमानदारीने पुसतो. कॉपी चालू असताना मध्येच डिस्क तुटली तर वाचताना चुका येतात आणि अशा वेळी आरसिंक पुसण्याचं काम स्वतःहून टाळतो. पण रिकामं फोल्डर वाचताना कुठलीच चूक येत नाही. म्हणजे पहाटे तीनला लाईट जाऊन आली, डिस्क जोडली गेली नाही, चारला बॅकअप सुटला, असा योग जुळला की बॅकअप साफ. मूळ डिस्क तेवढी शाबूत राहते, आणि तिच्यावरच आपला संशय असल्यामुळे ती फॉरमॅट करायचे बेत चाललेले असतात. हे थांबवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गेलं काय, सर्व्हर की डिस्क?

आता पुढच्या वेळी गायब होईल तेव्हा रीस्टार्ट करू नका. रीस्टार्टने पुरावा जातो.

फोनवरून किंवा लॅपटॉपवरून एसएसएचने (दुरून सर्व्हरचं टर्मिनल उघडायची सोय) सर्व्हरमध्ये शिरता येतंय का ते बघा. येत नसेल तर भानगड वेगळी आहे. राउटर बंद-चालू झाल्यावर सर्व्हरला दुसराच आयपी पत्ता मिळाला, हे सगळ्यात जास्त दिसणारं कारण. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या सर्व्हरसाठी पत्ता राखून ठेवला की ते मिटतं. दुसरं कारण कमी लोकांना माहीत असतं. यूएसबी ३ ची डिस्क आणि तिची केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. सर्व्हर वायफायवर असेल, डिस्क त्याला चिकटून ठेवलेली असेल, तर मोठी फाइल कॉपी होताना वायफायच कोलमडतं आणि आपण डिस्कला दोष देतो. सर्व्हरला लॅन केबल लावा. घरचा सर्व्हर वायफायवर ठेवू नये असं माझं ठाम मत आहे.

आत शिरता येत असेल तर पुढच्या तपासण्या तिथेच करायच्या. (आज्ञा इथे मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या अर्थात इंग्रजीत टाकायच्या, आणि वेगळं सांगितलं नसेल तर छोट्याच अक्षरांत.) पहिली आज्ञा «डीएफ -एच». ज्या फोल्डरवर डिस्क जोडलेली असते, समजा /एसआरव्ही/मीडिया, ते यादीत आहे का बघा. दोन टीबीची डिस्क तिथे साधारण १.८ टी अशी दिसते. ती ओळच नसेल तर डिस्क सुटली आहे. ओळ आहे पण «एलएस» केल्यावर इनपुट-आउटपुट एरर येतेय, तर जुनी मेलेली जोडणी तशीच लोंबतेय आणि डिस्क बहुधा एसडीए ऐवजी एसडीबी अशा नव्या नावाने परत आली आहे. «एलएसबीएलके» मध्ये ते लगेच दिसतं.

दुसरी आज्ञा «डीमेसेज -टी» (यातला टी मात्र मोठा, नाहीतर वेळा दिसत नाहीत), आणि सगळं उत्तर तिच्यातच असतं. घाबरून जाण्याइतका मजकूर येतो, पण आपल्याला त्यात तीनच प्रकारच्या ओळी शोधायच्या आहेत. अंडर-व्होल्टेज हा शब्द दिसला तर वीज कमी पडतेय. यूएएस आणि अबॉर्ट हे शब्द असलेल्या ओळी, त्यामागोमाग रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस, असं वारंवार असेल तर केसमधली चिप. नुसतंच यूएसबी डिस्कनेक्ट असेल तर केबल, पिन किंवा परत वीज. त्या ओळींच्या वेळा टिपून ठेवा. दरवेळी लाईट गेल्याच्या वेळेशी त्या जुळतात की सिनेमा लावल्याच्या, यावरून निम्मं निदान होतं.

वीज

रास्पबेरी पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. अडीच इंची पोर्टेबल डिस्क एकदा फिरायला लागली की त्यात आरामात भागवते. पण थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागताना तिला काही क्षण एक अँपिअरच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त लागतो. वाड्यातली पाण्याची मोटार सुरू झाली की दिवे क्षणभर मंदावतात, तसंच इथे होतं. पायचा व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेला की तो अंडर-व्होल्टेजची नोंद करतो, आणि त्याच क्षणी डिस्कला पुरेसा जोर मिळाला नाही तर ती बंद पडून पुन्हा सुरू होते. कान डिस्कजवळ नेला तर हे ऐकू येतं: टक्, मग चढत जाणारा बारीक आवाज, परत टक्. निरोगी डिस्क एकदाच सुरू होते.

पायवर खात्री करायला सोपी आज्ञा आहे, «व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड». उत्तर ०एक्स० आलं तर सुरू झाल्यापासून वीज नीट आहे. ०एक्स५०००० म्हणजे आत्ता ठीक आहे, पण मध्ये कधीतरी व्होल्टेज पडला आणि त्यामुळे वेगही कमी केला गेला. ०एक्स५०००५ म्हणजे हे आत्ता, या क्षणी चालू आहे. ही नोंद रीस्टार्टने पुसली जाते. आधी रीस्टार्ट करू नका म्हटलं ते यासाठीही.

पहिला संशय अडॅप्टरवर घ्यायचा. घरात पडलेला मोबाइलचा चार्जर पायला लावणं ही सर्रास दिसणारी गोष्ट आहे, आणि त्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं म्हणून लोक निर्धास्त असतात. ते ६५ वॅट वरच्या व्होल्टेजवर मिळतात. पाच व्होल्टवर असे बहुतेक चार्जर ३ अँपिअर, म्हणजे १५ वॅटच देतात. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. पाय ५ ला ५.१ व्होल्ट, ५ अँपिअरचा, जो २७ वॅटचा म्हणून मिळतो. पाय ५ ला कमी ताकदीचा अडॅप्टर लावला तर तो ते ओळखतो आणि यूएसबीचा प्रवाह स्वतःच ६०० मिलिअँपिअरवर आणतो. योग्य अडॅप्टरवर तो १.६ अँपिअर देतो. फिरत्या डिस्कला ६०० पुरत नाही. पाय नवा आणि डिस्कही नवी असताना डिस्क लागतच नाही, अशा तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

केबलकडेही बघा. लांब, बारीक चार्जिंग केबलमध्ये व्होल्टेज वाटेतच गळतो, म्हणून पायच्या मूळ अडॅप्टरला केबल कायमची जोडलेली असते. तो अडॅप्टर महाग वाटतो, पण त्यात काटकसर करू नये.

वीज पुरवायचा दुसरा चांगला मार्ग म्हणजे डिस्कसाठी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. पण स्वस्तातले काही हब उलट्या दिशेने पायलाही वीज देतात आणि मग पाय बंद केला तरी त्याचा दिवा मिणमिणत राहतो. असं दिसलं तर तो हब परत करा. साडेतीन इंची मोठी डिस्क असेल तर तिला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतोच, त्यामुळे तिच्या बाबतीत पायवर भार येत नाही. तिथे अडॅप्टरची पिन सैल आहे का एवढं बघावं.

एक सूचना जेलीफिनवाल्यांसाठी. टीव्हीला फाइलचा प्रकार झेपत नसेल तर सर्व्हर ती जागच्या जागी बदलून देतो, म्हणजे ट्रान्सकोड करतो. पाय ५ मध्ये व्हिडिओ एन्कोड करणारं हार्डवेअर नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर पडतो. प्रोसेसर पूर्ण ताकदीने चालू आणि त्याच वेळी डिस्क जागी होतेय, हा विजेच्या दृष्टीने सगळ्यात वाईट क्षण. सिनेमा लावला की पहिल्या मिनिटात डिस्क जाते, अशी तक्रार असेल तर हेच धरून चाला.

केसमधली चिप

अडॅप्टर योग्य आहे, गेट_थ्रॉटल्ड शून्य सांगतंय, तरी मोठी कॉपी चालली की डिस्क तुटते. तर मग बाहेरच्या केसमध्ये डिस्कची साटा जोडणी आणि यूएसबी यांच्यामध्ये बसलेल्या चिपकडे वळायचं. नवा लिनक्स तिच्याशी यूएएस या वेगवान पद्धतीने बोलतो. काही चिपना ती पद्धत येते असं त्या सांगतात, पण भार वाढला की अडखळतात. जेमायक्रॉन आणि एएसमीडियाच्या काही चिपबद्दल हे पायवर अनेकांना अनुभवाला आलेलं आहे.

«एलएसयूएसबी» केलं की डिस्कच्या ओळीत आयडीनंतर दोन आकडे दिसतात, मध्ये विसर्गचिन्ह (:). पहिला आकडा १५२डी असेल तर जेमायक्रॉन, १७४सी असेल तर एएसमीडिया. «एलएसयूएसबी -टी» मध्ये ड्रायव्हर=यूएएस असं दिसत असेल, तर त्या चिपपुरती ही पद्धत बंद करता येते. /बूट/फर्मवेअर/सीएमडीलाइन.टीएक्सटी ही फाइल उघडा (जुन्या आवृत्तीत ती थेट /बूट मध्ये असते). तिच्यात एकच लांबलचक ओळ असते. त्या ओळीच्या सुरुवातीला «यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स=» लिहून त्यापुढे तुमचे दोन्ही आकडे, परत विसर्गचिन्ह आणि यू हे अक्षर, मग एक मोकळी जागा. नवी ओळ चुकूनही पाडू नका, नाहीतर पाय सुरू होणार नाही. फाइलची आधी एक प्रत काढून ठेवा. रीस्टार्टनंतर «एलएसयूएसबी -टी» मध्ये ड्रायव्हर=यूएसबी-स्टोरेज दिसलं की लागू झालं.

यात वेग थोडा कमी होतो. फिरत्या डिस्कचा आणि घरच्या गिगाबिट लॅनचा वेग बघता तो जाणवत नाही. एसएसडी असेल तर जाणवू शकतो, आणि ट्रिमही (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) बंद पडतं. तिथे चिप बदलणं, म्हणजे दुसऱ्या बनावटीचं केस घेणं, जास्त चांगलं.

डिस्क खरंच आजारी असेल तर

डिस्कची तब्येत बघायची आज्ञा «स्मार्टसीटीएल -ए -डी सॅट» आणि पुढे डिस्कचं नाव. येणाऱ्या तक्त्यात ५ आणि १९७ या क्रमांकांच्या ओळींचा शेवटचा आकडा बघा. पाचवी ओळ म्हणजे खराब झालेल्या जागा बदलून टाकल्याची नोंद, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे निर्णय लटकलेल्या जागा. दोन्ही शून्य असतील तर उत्तम. शून्य नसतील आणि आठवड्याने पाहिल्यावर वाढलेले असतील तर डिस्कवर काहीही दुरुस्ती करत बसू नका, आधी सगळं दुसरीकडे उतरवा. एफएससीके (डिस्कची मांडणी दुरुस्त करणारी आज्ञा) चालवायचा मोह होतो, पण खचत चाललेल्या डिस्कवर तो तिचा शेवट जवळ आणू शकतो. १९९ ची ओळ वाढत असेल तर ती डिस्क आणि चिप यांच्यातली जोडणी सैल असल्याची खूण आहे. बाहेरची यूएसबी केबल बदलून ती थांबणार नाही, केस उघडून डिस्क नीट दाबून बसवावी लागेल.

बाहेरची केबल सैल असण्याचंही प्रमाण कमी नाही. पोर्टेबल डिस्कची ती चपटी, रुंद पिन थोड्या धक्क्यानेही हलते. केबल आखूड घ्या, डिस्क कपाटावर लोंबती ठेवू नका, आणि लहान मुलांचा हात पोचेल अशा जागी तर नकोच.

फॉरमॅटचा प्रश्न

दुकानातून आणलेली पोर्टेबल डिस्क बहुधा एनटीएफएस नाहीतर एक्सफॅट असते आणि लोक ती तशीच सर्व्हरला लावतात. लाईट गेली की एनटीएफएस डिस्कवर अर्धवट बंद झाल्याची खूण राहते, आणि लिनक्सचा एनटीएफएस३ हा ड्रायव्हर अशी डिस्क जोडायला नकार देतो. वीज, चिप, केबल सगळं ठीक, तरी दर लाईट गेल्यानंतर डिस्क गायब, याचं हे साधं उत्तर आहे. विंडोजवर नेऊन चेकडिस्क चालवली की ती परत लागते, पुढच्या वेळेपर्यंत. एक्सफॅटमध्ये तर जर्नल, म्हणजे चालू बदलांची आधी नोंद ठेवणं, हा प्रकारच नाही. सर्व्हरला कायमची लावायची डिस्क ईएक्सटी४ (लिनक्सचा नेहमीचा फॉरमॅट) असावी. फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, तेव्हा आधी दुसरीकडे उतरवून, उतरवलेल्या दहा-वीस फाइली उघडून बघा आणि मगच फॉरमॅट करा. ईएक्सटी४ सुद्धा लिहिता लिहिता लाईट गेली तर ती चालू फाइल वाचवेलच असं नाही. डिस्कची मांडणी मात्र तो सांभाळतो आणि पुन्हा सुरू होताना स्वतःच सावरतो.

रिकाम्या फोल्डरचा बंदोबस्त

कारण सापडलं, दूर केलं, तरी कधीतरी डिस्क जाणारच. त्या वेळी काही बिघडू नये याची सोय हाच माझ्या मते या सगळ्यातला मुख्य भाग.

सांगलीला आत्तेभावाकडे हे जवळून पाहिलं. त्याचा फोन आला: "दादा, दोन टीबीची डिस्क आहे आणि फुल झाली म्हणतंय. ठेवलंय काय, तर लग्नाचा व्हिडिओ आणि पोरांचे फोटो." डीएफमध्ये डिस्क व्यवस्थित जोडलेली, निम्म्याहून जास्त मोकळी. भरलं होतं ते ३२ जीबीचं मेमरी कार्ड, ज्यावर पायची सिस्टम असते: २९ जी, वापर १०० टक्के. पण एकेक फोल्डर मोजत गेलं तर दहा जीबीही भरेना. उरलेलं गेलं कुठे?

डिस्क सुटलेली असताना फोनवरचे फोटो येत राहिले होते. डिस्क नाही म्हटल्यावर ते त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे कार्डावर साठले. नंतर डिस्क परत जोडली गेली आणि त्या फोल्डरवर बसली. खालचे फोटो झाकले गेले. ते आहेत, जागा अडवतात, पण दिसत नाहीत. अशा वेळी «माउंट --बाइंड / /एमएनटी» करायचं आणि /एमएनटी/एसआरव्ही/मीडिया मध्ये बघायचं. तिथे दीड महिन्याचे फोटो निघाले, मुलीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासकट. ते आधी डिस्कवर नीट हलवले, मग तिथून काढले. असं कार्ड भरलेलं दिसलं म्हणून कोणी ते नव्याने लिहून काढलं असतं तर ते फोटो गेलेच असते, कारण फोनमधून ते बॅकअप झाले म्हणून पुसलेले होते.

यावर पक्का उपाय एका ओळीचा आहे. डिस्क काढून, म्हणजे अनमाउंट करून, रिकाम्या फोल्डरवर «सीएचएटीटीआर +आय» चालवा. त्यानंतर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यालासुद्धा, काही लिहिता येत नाही. डिस्क त्यावर नेहमीसारखी जोडता येते आणि जोडलेल्या डिस्कवर लिहायला काहीच अडचण नाही. डिस्क नसेल तर मात्र लिहिणारा प्रोग्राम लगेच चूक सांगतो, आणि आपल्याला तेच हवं आहे.

मग /ईटीसी/एफस्टॅब, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची हे सांगणारी फाइल. डिस्क तिथे एसडीए१ अशा नावाने लिहिली असेल तर ते काढा. हे नाव बदलतं. «बीएलकेआयडी» देतो तो यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा. पर्यायांमध्ये «नोफेल» टाका. तो नसेल आणि डिस्क सापडली नाही तर सिस्टम ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जाते. पायला स्क्रीन लावलेला नसतो, त्यामुळे बाहेरून सगळाच सर्व्हर मेल्यासारखा वाटतो. पण नोफेलची दुसरी बाजू फारसं कोणी सांगत नाही. तो टाकला की सिस्टम डिस्कसाठी थांबतच नाही, आणि जेलीफिन, सांबा (घरातल्या संगणकांना फोल्डर उघडून देणारा), डॉकर (कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यांत प्रोग्राम चालवणारा) हे सगळे डिस्क तयार व्हायच्या आत सुरू होऊ शकतात. म्हणून त्या प्रत्येक सेवेच्या सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) फाइलमध्ये «रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/मीडिया» ही ओळ द्यावी (यातले आर, एम आणि एफ मोठे). «सिस्टमसीटीएल एडिट» ने ती वेगळ्या तुकड्यात ठेवता येते, मूळ फाइलला हात लावावा लागत नाही.

डॉकरमध्ये आणखी एक खोच आहे. कंटेनर सुरू होताना फोल्डर रिकामं असेल तर डिस्क नंतर जोडली गेली तरी त्या कंटेनरला ती दिसत नाही. कंटेनर रीस्टार्ट करावा लागतो. आणि «-व्ही» ने दिलेलं फोल्डर नसेल तर डॉकर ते स्वतःच तयार करतो, जे आपल्याला अजिबात नको आहे. «--माउंट» वापरलं आणि डिस्कच्या आतल्या एखाद्या उपफोल्डरचा रस्ता दिला, तर डिस्क नसताना कंटेनर सुरूच होत नाही.

आता बॅकअपची स्क्रिप्ट. डिस्कवर एक छोटी खुणेची फाइल ठेवा, नाव काहीही. स्क्रिप्टने पहिलं काम म्हणून «माउंटपॉइंट -क्यू» ने डिस्क जोडलेली आहे का बघावं आणि मग ती खुणेची फाइल वाचून बघावी. दोन्ही करा, कारण मेलेली जोडणी लोंबत असेल तर माउंटपॉइंट हो म्हणतो. दोन्हीपैकी काही चुकलं तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे. बॅकअपच्या डिस्कवरही अशीच खूण आणि अशीच तपासणी हवी. यंत्रायंत्रांतले फोल्डर सारखे ठेवणारं सिंकथिंग नेमकं हेच करतं: प्रत्येक फोल्डरमध्ये एसटीफोल्डर नावाची लपलेली खूण ठेवतं आणि ती दिसली नाही तर सिंक थांबवतं, म्हणजे रिकाम्या फोल्डरची बातमी दुसऱ्या यंत्रावर फाइली पुसत सुटत नाही. फोनचे फोटो सर्व्हरवर ठेवणारं इमिचही आपल्या फोल्डरांमध्ये अशा खुणा ठेवतं आणि त्या सापडल्या नाहीत तर सुरू व्हायलाच नकार देतं. इमिच अचानक सुरू होत नाहीये अशी ज्यांची तक्रार आहे त्यांनी आधी डिस्क जोडलेली आहे का बघावी. ते तुमचे फोटो वाचवत असतं.

आरसिंकला «--मॅक्स-डिलीट» देऊन एका वेळी किती फाइली पुसायच्या त्यावर मर्यादा घालता येते, आणि «--बॅकअप» बरोबर «--बॅकअप-डिर» दिलं तर पुसायच्या फाइली वेगळ्या फोल्डरात हलवल्या जातात. शक्य असेल त्यांनी सरळ रेस्टिक किंवा बोर्ग या बॅकअपच्या प्रोग्रामांकडे वळावं. ते दिवसागणिक वेगळी आवृत्ती ठेवतात, त्यामुळे आजची आवृत्ती रिकामी निघाली तरी कालची हातात असते.

आणि एक प्रत घराबाहेर असू द्या. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रुजवलेला ३-२-१ चा नियम घरगुती फोटोंनाही तितकाच लागू आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. बहिणीच्या घरी, गावाकडे, कुठेही. विजेचा एक मोठा झटका एकाच एक्स्टेंशन बोर्डवरच्या दोन्ही डिस्क घेऊन जाऊ शकतो.

इन्व्हर्टर आणि यूपीएस

घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की सर्व्हर बंद पडतो? आधी सर्व्हरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे का बघा. बऱ्याच घरांत त्यावर फक्त दिवे, पंखे आणि टीव्हीचा एक प्लग असतो. मग इन्व्हर्टरवर यूपीएस आणि नॉर्मल किंवा इको असा खटका आहे का बघा. नॉर्मलवर मेन ते बॅटरी हा बदल सावकाश होतो. दिव्याला ते चालतं, सर्व्हरचा अडॅप्टर मधेच तुटतो. यूपीएसवर ठेवलं की बदल पटकन होतो. त्यात इन्व्हर्टर व्होल्टेजच्या चढउताराला जास्त कडक होतो आणि मेन थोडी खालावली तरी बॅटरीवर जातो, तेव्हा ज्या भागात व्होल्टेज कायम कमी असतो तिथे बॅटरीकडे लक्ष ठेवावं लागेल.

राउटरसाठी मिळतात ते छोटे यूपीएस पायला लावताना यूएसबी तोंडावरचा आकडा वाचा. ५ व्होल्ट, २ अँपिअर असेल तर आपण परत अंडर-व्होल्टेजवर आलो.

यूएसबी डेटा केबल असलेला संगणकाचा यूपीएस सगळ्यात चांगला, कारण नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे नट, हा प्रोग्राम त्याच्याशी बोलून बॅटरी संपत आली की सर्व्हर रीतसर बंद करतो. तास-दोन तासांचं भारनियमन असेल तिथे नुसती बॅटरी पुरत नाही, रीतसर बंद होणं महत्त्वाचं. डेटा केबल नसेल तर इन्व्हर्टरवर नसलेल्या एखाद्या वायफाय प्लगला दर मिनिटाला पिंग करा, म्हणजे तो उत्तर देतो का बघा. सलग काही मिनिटं उत्तर आलं नाही की लाईट गेली असं समजून सर्व्हर बंद करायचा. मात्र राउटर इन्व्हर्टरवर हवा, नाहीतर पिंगला अर्थ राहत नाही.

सगळं बसवल्यावर चाचणी

ही चाचणी केल्याशिवाय बॅकअपच्या ओळीपुढचं # काढू नका. जेलीफिन, सांबा, डॉकर बंद करा. डिस्क «यूमाउंट» करा. आता /एसआरव्ही/मीडिया मध्ये «टच» ने एखादी फाइल तयार करायचा प्रयत्न करा, सूडो लावून. नकार आला पाहिजे. मग बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवा. तिने डिस्क नाही असं सांगून थांबलं पाहिजे, आणि बॅकअपच्या डिस्कवरच्या फाइलींची संख्या आधी होती तितकीच राहिली पाहिजे. त्यानंतर डिस्कची केबल काढून सर्व्हर रीस्टार्ट करा: एसएसएचने आत शिरता आलं पाहिजे, आणि जेलीफिन सुरू झालेलं नसलं पाहिजे. शेवटी डिस्क लावा, परत रीस्टार्ट करा, एक मोठा सिनेमा ट्रान्सकोड होईल असा लावा आणि तो चालू असताना लॅपटॉपवरून दहा-वीस जीबी कॉपी सोडा. कॉपी पूर्ण झाल्यावर गेट_थ्रॉटल्ड ०एक्स० सांगत असेल आणि डीमेसेजमध्ये रीसेटची एकही नवी ओळ नसेल, तर क्रॉनटॅबमधलं # काढा.